४८८ स्क्वेअर फूट, लिफ्ट नाही

परवा शनिवारी सकाळी साडेसातला आत्याचा फोन. वीकांताला इतक्या सकाळी फोन म्हणजे एकतर कोणीतरी गेलं किंवा आत्याचा वायफाय गेला. यावेळी दोन्ही नव्हतं.

"अरे, आपलं घर एकसष्ट लाखांना विकायला निघालंय म्हणे! आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही!"

शेजारच्या काकूंच्या भाच्याने व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवला होता. उघडून पाहिला तर खरंच आत्याचंच घर. तोच हॉल, तीच खिडकी, आणि टीपॉयवर माझं हेल्मेट! म्हणजे फोटो मीच काढलेले. मी टाकलेल्या जाहिरातीतून कुणा एजंटाने ते उचलले, क्षेत्रफळ ७२० केलं, किंमत अकरा लाखांनी उतरवली आणि स्वतःचा नंबर टाकून मोकळा झाला. शोधल्यावर त्याच घराच्या आणखी चार जाहिराती मिळाल्या. सगळ्यात महागडी ७८ लाखांची होती आणि तिच्यात हेल्मेट कापलेलं होतं. (निदान त्याने काहीतरी मेहनत घेतली.)

तर मंडळी, आजचा विषय आहे ऑनलाइन घर विकायला काढलं की ते दिसतं कसं, आणि दिसावं यासाठी आपण काय काय करतो. यात माझाही एक पराक्रम आहे, तोही सांगतो.

आधी पार्श्वभूमी. आत्याचं घर कोथरूडला, १९९६ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काका गेल्यापासून आत्या एकटी. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि डॉक्टरांनी जिन्याची चढउतार कमी करा असं स्पष्ट सांगितलंय. आतेबहीण बंगळूरला. हे घर विकायचं आणि जवळपासच लिफ्ट असलेलं लहानसं घर घ्यायचं असा बेत ठरला. हे विकल्याशिवाय ते घेता येत नाही, त्यामुळे प्रत्येक महिना म्हणजे भाजी, दूध, बँक, देऊळ धरून रोजच्या दोन-तीन फेऱ्या जिन्याच्या. एजंटाने दोन टक्के सांगितले. ७२ लाखांवर दोन टक्के म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार. आत्या म्हणाली, "एवढे कशाला? तू कॉम्प्युटरवालाच आहेस ना?"

आणि मी खरंच त्यातला आहे. दिवसभर एका ऑनलाइन दुकानाच्या सर्चवर काम करतो. कोणी 'निळा कुर्ता' टंकलं तर चाळीस हजार कुर्त्यांमधून पहिले वीस कोणते दाखवायचे, हे ठरवणाऱ्या टीममधला मी एक. तेव्हा एक घर वर आणणं म्हणजे काय, हातचा मळ!

पहिल्या जाहिरातीत मी सगळं खरं लिहिलं. मोजपट्टी घेऊन कार्पेट मोजलं, ४८८ स्क्वेअर फूट. लिफ्ट: नाही. किंमत ७२ लाख. एकोणीस दिवसांत दोन फोन आले. दोन्ही एजंटांचे. त्यातल्या एकाने फुकटात ज्ञान दिलं. "सर, तुम्ही कार्पेट टाकलंय. कोण बघणार? सेलेबल टाका, सहाशे ऐंशी."

आता हा हिशोब नीट बघा, कारण सगळी गोम इथेच आहे. ७२ लाख भागिले ४८८ म्हणजे फुटाला १४,७५४ रुपये. तेच ७२ लाख भागिले ६८० म्हणजे १०,५८८ रुपये. घर तेच, भिंती त्याच, पैसे तेवढेच. पण साईट प्रत्येक जाहिरातीखाली फुटाचा दर ठळक छापते आणि त्यावर क्रमही लावू देते. आजूबाजूच्या सगळ्यांनी सेलेबल टाकलेलं. त्यामुळे आत्याचं घर त्या भागातलं सगळ्यात महाग घर ठरलं आणि यादीत कुठेतरी अकराव्या पानावर जाऊन पडलं. अकराव्या पानावर कोण जातं? आमच्या दुकानात तर तिसऱ्या पानावरसुद्धा फक्त टेस्टिंगवाले जातात. :-)

सेलेबल म्हणजे कार्पेट, अधिक भिंती, अधिक जिना, लॉबी, लिफ्ट वगैरेंचा वाटा, अधिक सांगणाऱ्याची हिंमत. ४८८चे ६८० म्हणजे जवळपास चाळीस टक्के लोडिंग. ज्या बिल्डिंगला लिफ्टच नाही तिथे हा वाटा नक्की कशाचा, हे मी त्या एजंटाला विचारलं. तो हसला. मीही हसलो. आणि दोन दिवसांनी, आत्याला न सांगता, आकडा ६८० केला.

इथपर्यंत मी स्वतःला समजावलं होतं की सगळेच करतात, तर ही एक प्रकारची भाषाच झाली. सगळ्यांचं घड्याळ अर्धा तास पुढे असेल तर आपणही पुढे ठेवायचं. पण मग मी दुसरी गोष्ट केली, तिला मात्र हे समर्थन चालत नाही. लिफ्टच्या रकान्यातलं 'नाही' काढून तो रिकामा सोडला. खोटं काहीच लिहिलं नाही, फक्त काही लिहिलं नाही. आमच्या धंद्यात 'नाही' आणि 'माहीत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या एकत्र केल्यावर काय घोळ होतात ते मी रोज बघतो. त्या साईटवर मी स्वतः फिल्टर लावून तपासलं. 'लिफ्ट असलेली घरं' मागितली तरी रकाना रिकामा असलेलं आत्याचं घर यादीत येत होतं! बहुतेक यादी भरगच्च दिसावी म्हणून तशी सोय असावी. प्रोग्रामर म्हणून मला हे बघून राग यायला हवा होता. आला नाही. आनंद झाला.

चार दिवसांत अकरा फोन.

त्यातलं एक जोडपं रविवारी घर बघायला आलं. दोघंही आयटीतले, हिंजवडीला, आपल्यासारखेच. भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात जायचं, मुलीची आई कायमची त्यांच्याकडे राहायला येणार, म्हणून तिलाही दाखवायला आणलेलं. मी वर दारात उभा. आधी तो आला, मग ती आली, आणि आई काही येईनात. खाली डोकावलो तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून उभ्या होत्या, श्वास लागलेला. मुलगी परत खाली गेली. माझ्या मागून आत्या आली, तिने बघितलं, आत गेली, प्लॅस्टिकची खुर्ची आणि पाण्याचा तांब्या घेऊन एकेक पायरी करत खाली उतरली. ते गुडघे घेऊन! मी खुर्ची घेतो म्हणालो तर नुसता हात केला.

दोघी तिथे वळणावर दहा मिनिटं बसल्या. एक खुर्चीत आणि एक पायरीवर. कुठला डॉक्टर, कुठलं तेल, असं काहीतरी बोलत होत्या. मुलगा वर माझ्याबरोबर हॉलमध्ये. त्याच्याकडे लेझरचं मोजायचं यंत्र होतं. त्याने हॉल मोजला, बेडरूम मोजली, फोनवर बेरीज केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, हे तर पाचशेच्या आतच येतंय." मी म्हणालो, "हो, ते सेलेबल आहे." तो म्हणाला, "ते कळतं हो. पण लिफ्टचं तरी लिहायचं ना. आम्ही वाकडहून टॅक्सी करून आलोय." आवाज अजिबात चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर आत्याने एवढंच विचारलं, "लिफ्ट नाही असं लिहिलं नव्हतंस का रे?"

त्या रात्री जाहिरात पुन्हा खरी केली. पण माझ्या डोक्यात दुसरंच चक्र फिरत होतं. त्या साईटच्या सर्व्हरच्या दृष्टीने तो रविवार कसा झाला? जाहिरात दिसली, क्लिक झाली, नंबर मागितला गेला, फोन लागला. चारही आकडे हिरवे. म्हणजे यंत्राच्या लेखी ती उत्तम जाहिरात! दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची कुठल्याच लॉगमध्ये येत नाही. आणि क्रम लावणारं यंत्र शिकतं ते क्लिकवरून. ६१ लाखांच्या खोट्या किमतीला क्लिक जास्त पडणारच, की ती जाहिरात वर जाणार, वर गेली की आणखी क्लिक. तो एजंट हुशार आहे असं मला वाटत नाही, त्याला फक्त यंत्र काय खातं ते ठाऊक आहे. फोन आला की "ते तर कालच गेलं साहेब, दुसरं दाखवतो" म्हणायचं. तुमच्यापैकी जे घर शोधतायत त्यांनी हे वाक्य किती वेळा ऐकलंय, सांगा बरं.

आम्ही कुर्ते विकतो तेव्हा आमच्याकडे निदान एक गोष्ट असते. कुर्ता परत आला की कळतं. फोटोतला निळा प्रत्यक्षात जांभळा निघाला, लोकांनी परत पाठवला, की तो आपोआप खाली जातो. घराच्या साईटला असं परत येणारं काही नाही. व्यवहार तिच्या बाहेर होतो, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. घर बघून लोक निराश होऊन गेले की नाही हे तिला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायची तिला फारशी गरजही नाही. पैसे देतात बिल्डर आणि एजंट. घेणारा फुकट बघतो. एकाच घराच्या पाच जाहिराती म्हणजे घेणाऱ्याला डोकेदुखी, पण साईटला पाच गिऱ्हाइकं.

भारतात हा प्रकार काही कालचा नाही. नाइन्टीनाइन एकर्स २००५ साली सुरू झालं, मॅजिकब्रिक्स २००६ साली. २०१२ साली आयआयटी मुंबईच्या पोरांनी हाउसिंग डॉट कॉम काढलं तेव्हा नकाशा आणि स्वतः जाऊन तपासलेली घरं हाच मोठा गाजावाजा होता. २०१४ साली नोब्रोकर आलं ते एजंटच नको या घोषणेवर. वीस वर्षांत फोटो चकचकीत झाले, व्हिडिओ आले, थ्रीडी आलं. पण 'हे घर नक्की कुठलं' याचं एक उत्तर, एक ओळख क्रमांक, तो काही आला नाही.

म्हणजे नव्या प्रकल्पांना तो आलाय. रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा जास्त घरं असतील तर नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला जाहिरातच करता येत नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक हवाच, आणि महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा केला. कार्पेट म्हणजे काय याचीही कायद्यात व्याख्या आहे. आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरने भरपाई द्यायची हेही त्यात आहे. पण आत्याच्या घरासारखी १९९६ची रिसेलची घरं या क्रमांकाच्या जगाबाहेर. तिथे कार्पेट, बिल्टअप, सेलेबल, ज्याला जे आवडेल ते.

माझं मत असं आहे की रिसेललाही ओळख देणं मुळीच अवघड नाही. प्रत्येक घराला महापालिकेचा मिळकत कर क्रमांक असतो, महावितरणचा ग्राहक क्रमांक असतो. जाहिरात टाकताना यातला एक मागा. लोकांना दाखवू नका, फक्त दोन जाहिराती एकाच घराच्या आहेत का हे ओळखायला वापरा. एका घराची एकच पाटी, तिच्याखाली हवे तेवढे एजंट. कार्पेटचा रकाना सक्तीचा आणि फुटाचा दर फक्त त्याच्यावरच काढा. रिकामा रकाना म्हणजे 'नाही' धरा, मग बघा लोक कसे पटापट भरतात. हे लिहायला आमच्या टीमला एक स्प्रिंट पुरेल. बरं, दोन.

यावर एक मित्र म्हणाला, अमेरिकेत बघ, तिथे एजंटांची सामायिक यादी असते, त्यामुळे एक घर एकदाच दिसतं. खरं आहे. पण तिथेही त्या यादीची किंमत कोणीतरी मोजतंच. कमिशनच्या पद्धतीवरून एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेवर खटले झाले आणि २०२४ साली त्यांनी ४१८ दशलक्ष डॉलरवर तडजोड केली. तेव्हा तिकडचं सगळं सोनं असं मी म्हणत नाही. फक्त डुप्लिकेट काढणं जमतं, एवढाच मुद्दा.

आणि एजंट सगळे चोर असंही माझं म्हणणं नाही. हे नोंदवून ठेवतो, नाहीतर आमच्या गल्लीतले एक काका दुखावतील. त्यांनी आत्याची जुनी कागदपत्रं चाळून शेअर सर्टिफिकेटवर अजून काकांचंच नाव आहे, ते आधी बदलून घ्या, हे एका मिनिटात सांगितलं. मला ते सहा आठवड्यांत सुचलं नव्हतं. सोसायटीची सभा, वारसाचे कागद, यात महिना गेला. तो गेलाच असता, पण खरेदीदार दारात उभा असताना गेला असता तर तो पळाला असता.

मग खरं लिहूनही घर दिसावं म्हणून मी काय केलं? थोडं सांगतो, कोणाला उपयोग झाला तर झाला. किंमत ७२ची ६९ लाख ९० हजार केली. शोधणारे 'सत्तरपर्यंत' किंवा 'पंच्याहत्तरपर्यंत' असे गोल आकडे निवडतात. सत्तरपर्यंतच्या सगळ्या लोकांना ७२चं घर दिसतच नव्हतं. आत्या दोन दिवस रुसली, मग म्हणाली कर. नकाशावरची खूण साईटने लांब मुख्य चौकात टाकली होती, ती ओढून बरोबर बिल्डिंगवर आणली. वनाझ ते गरवारे मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून लोक स्टेशनपासून चालत किती मिनिटं हे बघतात. 'मेट्रोजवळ' असं सगळेच लिहितात, अगदी बावधनच्या पलीकडच्या 'कोथरूड अॅनेक्स'वालेही. मी घड्याळ लावून चाललो आणि नऊ मिनिटं लिहिलं. फोटो पुन्हा काढले, सकाळी, पडदे उघडून, हेल्मेट बाजूला ठेवून. पहिला फोटो हॉलचा. दुसरा फोटो मुद्दाम जिन्याचा.

मथळ्याला साईट साठ अक्षरं देते. बाकीचे तिथे 'प्रशस्त', 'प्राइम', 'त्वरा करा' लिहितात. मी लिहिलं: कार्पेट ४८८, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ५४ पायऱ्या.

आत्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पायऱ्या तिनेच मोजून दिल्या, त्याही न उठता. रोज मोजते म्हणाली.

यादीत आम्ही आता चौथ्या-पाचव्या पानावर असतो. आठवड्याला दोन-तीन फोन येतात. पण फोन करणारा माणूस जिन्याबद्दल विचारत नाही, सोसायटीचं पाणी, पार्किंग, रिडेव्हलपमेंटचं काही चाललंय का, हे विचारतो. घर बघायला आलेल्यांपैकी अजून कोणी वळणावर थांबलेलं नाही. एक ट्रेकिंगवाला मुलगा आला होता, त्याला ५४ हा आकडाच आवडला, पण त्याचं कर्ज बसेना. घर अजून विकलेलं नाही. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल खरं लिहिलं आणि लगेच गिऱ्हाईक धावत आलं. तसं नाही. आत्या अजून रोज चढते-उतरते, आणि रोज मला वाटतं की तो रकाना रिकामा ठेवला असता तर कदाचित एव्हाना... असो.

६१ लाखांच्या जाहिरातीबद्दल तक्रार केली. 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असं उत्तर तीन सेकंदांत आलं, म्हणजे ते माणसाने लिहिलेलं नाही. आज आठवा दिवस. ती जाहिरात अजून पहिल्या पानावर आहे, हेल्मेटसकट.

काल संध्याकाळी एका बाईंचा फोन आला. शाळेत शिक्षिका आहेत, नवरा आणि एक मुलगा, उद्या अकराला बघायला येतायत. जाहिरात नीट वाचलेली दिसत होती. ठेवता ठेवता म्हणाल्या, "एक विचारायचं राहिलं. त्या ५४ पायऱ्या गेटपासून, की जिन्यापासून?"

आत्याला विचारलं. गेटजवळच्या दोन धरायच्या राहिल्या होत्या. जाहिरातीत आत्ताच ५६ केलं.